ड्राफ्टआधी कॉलेजची पोरं पारखायची कशी? टेप, स्टॉपवॉच की आणखी काही?

कोलंबसकर
मंडळी, एप्रिलमधला एनएफएलचा ड्राफ्ट (अमेरिकन फुटबॉलचे व्यावसायिक संघ कॉलेजची पोरं निवडतात तो) जवळ आला की आमच्या ऑफिसात दुसरा विषय नसतो. ओहायो स्टेटच्या गावात राहतो त्यामुळे शनिवारी कॉलेजची मॅच आणि रविवारी एनएफएल हे घरात ठरलेलंच. पण ड्राफ्टआधीचे दोन महिने जे चालतं ते मला अजून पटलेलं नाही. पोरगं तीन-चार वर्षं लाखभर लोकांसमोर खेळलेलं असतं, त्याचा एकेक स्नॅप (बॉल मागे देऊन सुरू होणारा प्रत्येक डाव) रेकॉर्ड झालेला असतो, आणि मग इंडियानापोलिसच्या कंबाइनला (ड्राफ्टआधीच्या मोजमाप-चाचण्यांना) नेऊन त्याला हाफ चड्डीवर चाळीस यार्ड पळवतात, आणि त्या साडेचार सेकंदांवर त्याचं नाव एक फेरी वर नाहीतर खाली जातं.

क्वार्टरबॅक (बॉल फेकून खेळ चालवणारा) जो बरोचं बघा. आधी इथेच होता, बाकावर बसून. लुइझियाना स्टेटला (एलएसयू) गेला, 2018 ला 16 टचडाऊन पास (थेट गुण मिळवून देणारे), 2019 ला 60, संघ 15-0. एवढं झाल्यावर कंबाइनला त्याचा पंजा मोजला तर नऊ इंच भरला आणि लगेच चर्चा सुरू की थंडीत बॉल हातात राहील का. पंजा आजही तेवढाच आहे, गडी दुसऱ्याच वर्षी बेंगल्सना सुपर बोलला (एनएफएलच्या अंतिम सामन्याला) घेऊन गेला.

माझं मत, टेप (कॉलेजच्या सामन्यांचं चित्रण) हीच परीक्षा, बाकी सगळं तिच्यानंतर. तुमच्यापैकी जे हा खेळ मन लावून बघतात त्यांना दोन प्रश्न: पोरगा बघताना तुम्ही पहिलं काय बघता? आणि कुठली गोष्ट दिसली की सरळ नाही म्हणता?

नाना_कोथरूड
वाचतोय. लेक-जावई डेट्रॉईटला असतात, 2024 चा ड्राफ्ट तिथे झाला तेव्हा मीही तिकडेच होतो. तीन दिवसांत साडेसात लाखांच्या वर माणूस लोटलं. मॅच नाही, बॉल नाही, नुसती नावं पुकारायची आणि त्यावर ही गर्दी! मला एक सांगा, आपल्या आयपीएलसारखा सरळ लिलाव का नाही करत हे लोक?

पर्ड्यू_पाटील
नाना, आयपीएलला निदान सगळ्यांच्या पाकिटाला सारखी मर्यादा असते. इथे पाकीटच नाही, नंबर असतो. 32 संघ, 7 फेऱ्या, आणि गेल्या मोसमात जो सगळ्यात वाईट खेळला त्याचा नंबर पहिला, म्हणजे पडलेला संघ उठावा. हायस्कूल संपून तीन वर्षं झाल्याशिवाय पोराला यात येता येत नाही म्हणून कॉलेजचा खेळ हाच सगळ्यांचा पुरावा. पहिला ड्राफ्ट 1936 ला फिलाडेल्फियात झाला. पहिलं नाव जे बरवँगर, शिकागो विद्यापीठाचा, हाइझमन ट्रॉफीवाला (कॉलेजचा सर्वोत्तम खेळाडू). तो व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना खेळला नाही.

चहाटळ
म्हणजे पहिल्या दिवसापासून स्काउट लोकांची झोप उडालेली आहे :-)

शिकागोची_सून
कोलंबसकर, टेप टेप काय करताय, टेप सगळ्यांना तीच दिसते हो! 2017 ला आमच्या बेअर्सनी तिसऱ्या नंबरवरून दुसऱ्यावर यायला पिक (निवडीचे नंबर) मोजले आणि मिचेल ट्रुबिस्की घेतला. कॉलेजात त्याने फक्त 13 सामने सुरुवातीपासून खेळले होते. दहाव्या नंबरला चीफ्सनी पॅट्रिक माहोम्स उचलला, तेही सत्ताविसाव्यावरून वर येऊन. माहोम्सची टेप काय कपाटात होती का? 2016 ला ओक्लाहोमाविरुद्ध 734 यार्ड टाकलेत पोराने, तरी सामना 66-59 ने हरले कारण टेक्सस टेकला बचावच नव्हता. सगळ्या जगाने बघितलं. पण निम्म्या लोकांना त्यात बेशिस्त दिसली, पाय जागेवर नाहीत, कुठूनही फेकतो, आणि त्या कोचच्या पद्धतीत कुणीही एवढे यार्ड काढेल. चीफ्सचे कोच अँडी रीडना त्याच टेपमध्ये वेगळं दिसलं. मग परीक्षा टेपची झाली की बघणाऱ्याची?

कोलंबसकर
सूनबाई, मुद्दा बिनतोड आहे. पण ट्रुबिस्कीच्या बाबतीत टेपच तोकडी होती ना, 13 सामन्यांत पोरगं वाईट दिवशी कसं खेळतं ते दिसतच नाही. उलटं उदाहरण बो निक्स, ऑबर्न आणि ऑरेगॉन मिळून 61 सामने, सगळे म्हणत होते वय झालं, 2024 ला डेन्व्हरने बाराव्या नंबरला घेतला आणि पहिल्याच वर्षी 29 टचडाऊन पास टाकून प्लेऑफला नेलं.

शिकागोची_सून
आणि केनी पिकेट? पाच वर्षं पिट्सबर्ग विद्यापीठाकडून खेळला, 2022 ला स्टीलर्सनी विसावा घेतला, दोन वर्षांत दुसरीकडे पाठवून दिला. पुष्कळ खेळला म्हणून चांगला निघेल असं काही नाही.

टेपवाला
उशिरा येतोय पण हा माझा आवडता विषय म्हणून सविस्तर लिहितो. सगळे क्वार्टरबॅकवर बोलताय, मी लाईनमन (क्वार्टरबॅकला झाकणारी पुढची भिंत) बघतो, तिथे नजर लवकर तयार होते.

पहिली गोष्ट, टीव्हीवरचं प्रक्षेपण विसरा. त्यात कॅमेरा बॉलच्या मागे पळतो आणि टॅकल (त्या भिंतीच्या टोकाचा गडी) दोन सेकंदांत पडद्याबाहेर. बावीसच्या बावीस खेळाडू दिसतील असं उंचावरून काढलेलं चित्रण लागतं, शिवाय एक मागून घेतलेलं. आता समजा लेफ्ट टॅकल बघताय. पहिल्यांदा बघताना फक्त पाय बघा, वर बघूच नका. स्नॅप झाल्यावर त्याचं बाहेरचं पाऊल मागे-बाजूला सरकतं, आतलं पाऊल घसटत त्याच्यामागे येतं. या सरकण्यात दोन्ही पायांतलं अंतर तेवढंच राहतं का? पाय जुळले किंवा आडवे पडले की समोरचा रशर (क्वार्टरबॅकवर धावून जाणारा) त्याच क्षणी आत घुसतो. मग पुन्हा तोच स्नॅप हातांसाठी. हात आधी बाहेर काढतो की वाट बघतो? पंजे समोरच्याच्या छातीवर बसतात की खांद्याबाहेर सरकतात? बाहेर सरकले की होल्डिंगची (बेकायदा धरल्याची) शिट्टी आलीच. तिसऱ्यांदा कंबर. धक्का बसल्यावर कमरेत वाकतो की गुडघ्यात बसतो? गुडघ्यात बसणारा टिकतो, कमरेत वाकणारा वरच्या लेव्हलला दर आठवड्याला क्वार्टरबॅकच्या अंगावर ढकलला जातो.

आमच्या कोल्हापूरकडे तालमीत वस्ताद नव्या पोराचं हेच बघतात, दंड किती फुगलेत ते नंतर, आधी रेटा आल्यावर तो कुठे बसतो ते.

आणि सामने निवडून बघा. दुबळ्या कॉलेजविरुद्ध सगळेच भारी. त्याच्या समोर पुढे स्वतः पहिल्या फेरीत जाणारा रशर होता तो सामना काढा, त्याचा चौथा क्वार्टर काढा, आणि त्यातही तो एकदा साफ हरल्यावर लगेच पुढचा स्नॅप काढा. मला सगळ्यात जास्त माहिती त्या एका स्नॅपमधून मिळते. घाबरलेलं पोरगं तिथे जागेआधी मागे पळतं.

सांख्यिकी_सई
टेपवाले, सुंदर लिहिलंय, सेव्ह करून ठेवते. पण मी दुसऱ्या बाजूने वाद घालणार आहे.

या धाग्यावर आता कुणीतरी टॉम ब्रेडी आणणार (2000, सहावी फेरी, 199 वा), कुणीतरी ब्रॉक पर्डी आणणार (2022, 262 वा, अगदी शेवटचा, पुढे सुपर बोल खेळला). मान्य. पण सहाव्या-सातव्या फेरीतली शेकडो पोरं सप्टेंबरच्या आत घरी जातात, त्यांचे धागे कुणी काढत नाही. पहिल्या फेरीतली पोरं शेवटच्या फेरीपेक्षा सरासरीने खूप चांगलीच निघतात. म्हणजे स्काउट आंधळे नाहीत.

ते चुकतात ते खात्रीच्या बाबतीत. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर (हो, तेच 2017 चे अर्थशास्त्राचे नोबेलवाले) यांनी ड्राफ्टवरच अभ्यास केला. एकाच जागेवर खेळणारी, लागोपाठ घेतलेली दोन पोरं धरली तर आधी घेतलेलं पोरगं नंतरच्यापेक्षा सरस निघण्याची शक्यता छापा-काट्यापेक्षा थोडीच जास्त. आणि तरी संघ वर चढायला पिकांच्या राशी ओततात. नव्वदच्या दशकात डॅलस काउबॉइजनी पिकांची किंमत ठरवायला तक्ता केला होता, पहिल्या पिकला 3000 गुण आणि तिथून उतार, तो वर्षानुवर्षं सगळ्या लीगने वापरला. थेलर यांचं म्हणणं तो उतार फारच तीव्र आहे, खाली सरकून जास्त पिक घेणाराच फायद्यात.

म्हणून माझं उत्तर: मी आधी हे बघते की माझ्या हातात किती संधी आहेत, पोरगा मागाहून.

बॉस्टनवाला_बाळ्या
ब्रेडी मीच आणतो :-) सगळे त्याचे चाळीस यार्डांचे 5.28 सेकंद सांगतात आणि तो चड्डीतला फोटो दाखवतात. पण त्याची टेप बघा की! जानेवारी 2000 चा ऑरेंज बोल, मिशिगन विरुद्ध अलाबामा, दोनदा 14 गुणांनी मागे पडून 35-34 ने जादा वेळेत जिंकले, ब्रेडीचे 369 यार्ड आणि 4 टचडाऊन. त्या मोसमात कोच त्याला ड्रू हेन्सनबरोबर आलटून पालटून खेळवत होते म्हणून लोकांना वाटलं यात काहीतरी कमी असणार. कोलंबसकरांना माझं अनुमोदन, टेपमध्ये होतं सगळं.

सांख्यिकी_सई
बाळ्या, तो सामना त्याला शेवटी घेणाऱ्या पॅट्रियट्सनीही बघितला होता, तरी 198 पोरं जाईपर्यंत तेही थांबलेच. त्यांना इतकी खात्री असती तर दुसऱ्या फेरीत घेतला असता.

चहाटळ
सई 1, बाळ्या 0.

मेघना_ह्युस्टन
आमच्या ह्युस्टनच्या क्वार्टरबॅक सी.जे. स्ट्राउडबद्दल मी लिहिलंच पाहिजे. 2023 ला ड्राफ्टच्या तोंडावर त्याचे एस-टू नावाच्या आकलन चाचणीचे मार्क कुणीतरी बाहेर फोडले, फार खाली होते म्हणे, आणि आठवडाभर टीव्हीवर सुटाबुटातली माणसं एकवीस वर्षांच्या पोराच्या डोक्याची मापं काढत बसली. मला त्याचा तेव्हाही संताप आला होता आणि आजही येतो. ज्या पोराने पीच बोलमध्ये जॉर्जियाच्या त्या भयंकर डिफेन्ससमोर 348 यार्ड आणि 4 टचडाऊन टाकले, 42-41 ने हरले तेही शेवटची फील्ड गोल (खांबांमधून मारायची लाथ) हुकली म्हणून, त्याला मैदान वाचता येत नाही? पहिल्याच मोसमात 4,108 यार्ड, 23 टचडाऊन आणि फक्त 5 इंटरसेप्शन (समोरच्यांनी पकडलेले पास).

पूर्वी वंडरलिक नावाची चाचणी होती, 12 मिनिटांत 50 प्रश्न, 2022 पासून कंबाइनमधून ती काढली. बरं झालं.

पण माझा खरा मुद्दा वेगळाय. त्याच्याआधी पहिल्या नंबरला पँथर्सनी ब्राइस यंग घेतला. त्यासाठी बेअर्सना पिक दिलेच, वर डी.जे. मूरही दिला, म्हणजे नव्या क्वार्टरबॅकने ज्याला बॉल टाकायचा तो माणूसच दिला! वर्ष संपायच्या आत हेड कोचला काढला. आणि आमच्याकडे डीमेको रायन्ससारखा कोच, स्ट्राउडच्या सोयीने आखलेला खेळ. आता दोघांपैकी कोण सरस हे तुम्ही नुसत्या कॉलेजच्या टेपवरून कसं सांगणार? पोरगा कुठे जाणार हे त्याच्या पारखण्यातून वगळताच येत नाही असं मला ठाम वाटतं.

पर्ड्यू_पाटील
मेघनाताई +१०००

आता मोजमापाची बाजू घेतो, कारण कंबाइन आमच्या गावाजवळ होते आणि धागा एकतर्फी व्हायला लागलाय. चाळीस यार्डांचा आकडा सगळ्यांना सारखा लावतात ते चूक, आकडा नाही. सव्वातीनशे पौंडाचा गार्ड (टॅकलच्या आतल्या बाजूचा लाईनमन) सामन्यात सलग चाळीस यार्ड कधी पळणार? त्याचे पहिले दहा यार्ड बघायचे. एज रशरचा वेग मात्र वजनाबरोबर वाचायचा. माइल्स गॅरेट, 272 पौंडाला 4.64. रिसीव्हरांत (पास झेलणाऱ्यांत) कॅल्विन जॉन्सन, 239 पौंडाला 4.35. ही माणसं रोज जन्माला येत नाहीत आणि दोघेही आकड्यांना जागले.

उलट नुसत्या वेगाचं सांगायचं तर 2017 ला जॉन रॉस 4.22 पळाला, बेंगल्सनी नवव्या नंबरला घेतला, दुखापतींनी बेजार झाला. त्याच ड्राफ्टमध्ये कूपर कप, 4.62, ईस्टर्न वॉशिंग्टनसारखं छोटं कॉलेज, तिसरी फेरी. 2021 ला झेल, यार्ड आणि टचडाऊन तिन्हींत लीगमध्ये पहिला.

आणि आमच्याच कोल्ट्सचा अँथनी रिचर्डसन. 2023, चौथा नंबर. कंबाइनला साडेचाळीस इंच उडी, 4.43 चा वेग, क्वार्टरबॅकने असं काही केलेलं आम्ही बघितलंच नव्हतं. कॉलेजात 13 सामन्यांची सुरुवात आणि पास पूर्ण होण्याचं प्रमाण 54 टक्क्यांच्या आसपास. दोन वर्षांनी जागा डॅनियल जोन्सने घेतली. पोरगं कष्टाळू आहे, मला त्याच्याबद्दल वाईट वाटतं, त्याला दोन वर्षं बसवून शिकवायला हवं होतं.

बफेलोची_बया
पाटील, मग जॉश ॲलनचं काय? वायोमिंगला त्याचं प्रमाण 56 टक्के होतं. सगळे आकडेवाले म्हणाले अचूकता शिकवता येत नाही. बिल्सनी 2018 ला सातवा घेतला, 2024 चा एमव्हीपी (मोसमातला सर्वोत्तम खेळाडू). त्याच ड्राफ्टमध्ये लामार जॅक्सन बत्तिसावा, ज्याला मोठमोठे जाणकार रिसीव्हर हो म्हणून सांगत होते, दोनदा एमव्हीपी. आणि पहिल्या दहात गेलेल्या चार क्वार्टरबॅकांत सगळ्यात तयार म्हणून गाजलेला जॉश रोझन वर्षभरात दुसऱ्या संघात.

पर्ड्यू_पाटील
ॲलनला दर वर्षी कुणीतरी पुरावा म्हणून आणतं आणि त्याच्या नावावर दर वर्षी एक अचूकता नसलेलं पोरगं वर जातं. तो अपवाद आहे हो बया, आणि त्याने स्वतःची फेक मुळापासून बदलली.

फिजिओ_केतकी
एका गोष्टीवर कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. कंबाइन मुळात सुरू झाली ती वैद्यकीय तपासणी एका ठिकाणी व्हावी म्हणून. टीव्हीवर पळणं दिसतं, पण संघांसाठी खरा माल एमआरआयच्या खोलीत असतो, आणि तो तुम्हाआम्हाला कधीच दिसत नाही. त्यामुळे एखादं पोरगं अचानक खाली गेलं की लगेच 'स्वभाव वाईट असेल' असली कुजबूज करू नका, कित्येकदा गुडघा असतो नाहीतर पाठ.

पुढे पॅट्रियट्सकडून गाजलेला ग्रॉन्कोव्स्की पाठीच्या शस्त्रक्रियेमुळे 2009 चं अख्खं वर्ष खेळला नव्हता म्हणून दुसऱ्या फेरीत, 42 वा गेला. आणि कोलंबसकर, जेलन स्मिथ तुम्हाला आठवत असेल, नोट्र डेमचा लाइनबॅकर (बचावातल्या मधल्या फळीचा), तुमच्या ओहायो स्टेटविरुद्धच फिएस्टा बोलमध्ये गुडघा गेला, 1 जानेवारी 2016. अस्थिबंधनं तर तुटलीच, पण पावलाकडे जाणारी नस दुखावली. अस्थिबंधन शिवता येतं, नस आपल्या वेळेने वाढते, कधी येते कधी येत नाही, आणि तोवर पाऊल वर उचलता येत नाही. पहिल्या पाचात जाणारा पोरगा 34 वा गेला. घेतला डॅलसने, कारण त्याची शस्त्रक्रिया त्यांच्याच संघाच्या डॉक्टरांनी केली होती आणि आतली अवस्था त्यांना प्रत्यक्ष ठाऊक होती. एक वर्ष बसला, 2019 ला प्रो बोल (निवडक सर्वोत्तम खेळाडूंत निवड).

कोलंबसकर
केतकी, तो सामना मी बघत होतो. आम्ही जिंकलो पण त्या पोराला उचलून नेताना घरात कुणी बोललं नाही.

नाना_कोथरूड
केवढं शिकायला मिळतंय. अवांतर विचारतो, आपल्याकडचं रक्त असलेलं कुणी गेलंय का या ड्राफ्टमधून?

बॉस्टनवाला_बाळ्या
नाना, ब्रँडन चिल्लर. वडील भारतीय वंशाचे, कॉलेज यूसीएलए, 2004 ला रॅम्सनी चौथ्या फेरीत घेतला, लाइनबॅकर. नंतर ग्रीन बेला. पॅकर्सनी 2010 च्या मोसमात सुपर बोल जिंकला तेव्हा त्या संघात होता, दुखापतीमुळे शेवटी खेळता आलं नाही.

नाना_कोथरूड
वा! जावयाला आजच सांगतो.

मेघना_ह्युस्टन
मुलाखतींबद्दल कुणी लिहा ना. त्यात खरंच काही कळतं?

टेपवाला
गप्पांमधून कमी कळतं, पोरांना एजंट लोक उत्तरं पाठ करून पाठवतात. पण फळ्यावरचं काम उपयोगी. कोच आपल्या संघाचा एखादा प्ले (आखलेली चाल) नावानिशी शिकवतो, मग मुद्दाम दुसराच विषय काढतो, घर, भावंडं, शाळा, आणि थोड्या वेळाने म्हणतो तो मघाचा प्ले पुन्हा काढून दाखव, आणि सेफ्टी (सगळ्यात मागचा बचावपटू) खाली आला तर काय बदलशील तेही सांग. हे पाठ करून येत नाही.

कोलंबसकरांचा दुसरा प्रश्न मागेच राहिला, मी कशाला नाही म्हणतो. आखूड हाताला म्हणत नाही. 2025 ला विल कॅम्पबेलचे हात 33 इंचांहून जरासे कमी भरले आणि सगळे म्हणाले गार्ड कर, पण एलएसयूला तीन वर्षं लेफ्ट टॅकलला त्याचे पाय बघितले असतील तर पॅट्रियट्सनी चौथ्या नंबरला का घेतला ते कळतं. मी नाही म्हणतो ते प्ले त्याच्यापासून लांब चालू असताना उभा राहणाऱ्याला. बॉल दुसऱ्या बाजूला गेला, अजून तीन सेकंद खेळ चालू आहे, आणि हा हात कमरेवर ठेवून बघतोय. एकदा दिसलं तर थकला असेल. चार सामन्यांत दिसलं की मी ते नाव खोडतो, मग तो कितीही पळो.

शिकागोची_सून
क्वार्टरबॅकसाठी माझं उत्तर: पॉकेट (लाईनमननी त्याच्याभोवती केलेला आडोसा) मोडल्यावर त्याची नजर. रशर अंगावर येताना डोळे मैदानावर राहतात की रशरवर जातात? ज्याची नजर खाली पडते त्याला मी घेणार नाही. ट्रुबिस्कीने एवढं तरी शिकवलंय आम्हाला.

सांख्यिकी_सई
मी कुठल्याच पोराला नाही म्हणत नाही, किमतीला म्हणते. सहाव्या फेरीत हात कमरेवर ठेवणाराही चालेल मला.

टेपवाला
सई, मला सातव्यातही चालणार नाही.

सांख्यिकी_सई
मग असं करू. प्रत्येकाने पहिली फेरी सुरू व्हायच्या आत याच धाग्यावर पाच नावं टाकायची, दोन जी जगापेक्षा तुम्हाला जास्त आवडतात आणि तीन जी जगाला आवडतात पण तुम्ही घेणार नाही, प्रत्येकापुढे एक वाक्य कारण. नंतर संपादन करायचं नाही. तीन मोसमांनी उघडून बघू. त्याआधी कुणी निकाल लावायचा नाही, लाइनमनला तेवढा वेळ लागतोच.

कोलंबसकर
मान्य. मी रविवारी टाकतो, दोन टॅकलची टेप अजून बघायची राहिलीय, टेपवाल्यांनी सांगितलंय तसं आधी नुसते पाय.